‘द नेम ऑफ द रोज’ : सात दिवसांची गोष्ट, पाचशे पानांचा मुक्काम

मलप्रभा (खानापूर)

नमस्कार मंडळी,

जांबोटी-कणकुंबीकडे पाऊस धरला की आमच्याकडे भरदुपारी दिवा लावावा लागतो आणि जाड पुस्तकाला मुहूर्त मिळतो. यंदा तो उंबेर्तो एको यांच्या ‘द नेम ऑफ द रोज’ला मिळाला. मूळ इटालियन कादंबरी १९८० ची. मी वाचली ती विल्यम वीव्हर यांच्या इंग्रजी अनुवादातून, तो १९८३ चा. पानं पाचशेच्या घरात, गोष्ट मात्र जेमतेम सात दिवसांची.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी एवढंच: साल १३२७, नोव्हेंबर संपत आलेला, उत्तर इटलीतल्या डोंगरावर एक श्रीमंत बेनेडिक्टाइन मठ. तिथे विल्यम नावाचा इंग्रज फ्रान्सिस्कन साधू पोचतो, बरोबर आद्सो हा पोरसवदा शिष्य. म्हातारपणी आद्सोच हे सगळं आठवून लिहितोय. मठात पोथ्यांच्या कडांना चित्रं काढणारा एक तरुण भिक्षू कड्याखाली मरून पडलेला सापडलाय. मठाधिपती विल्यमला सांगतो, शोध लावा, कुठेही जा, कुणालाही विचारा, फक्त ग्रंथालयात पाऊल टाकू नका. दुसऱ्या दिवशी पहाटे दुसरं प्रेत मिळतं, डुकराच्या रक्तानं भरलेल्या रांजणात डोकं खाली, पाय वर. याच्यापुढे मी तोंड उघडणार नाही, तुम्हीही उघडू नका.

मला बोलायचंय ते वेगळ्याच गोष्टीवर. एरवी रहस्यकथा वाचताना मी खुनी कोण याच्यामागे धावते, आणि तो सापडला की आठवड्यात पुस्तक विसरून जाते. इथे निम्म्यावर येईतो माझा संशय कुणावर आहे याचं मलाच काही वाटेनासं झालं. कारण या मृत्यूंच्या मुळाशी जे आहे ते आपल्या काळात घडूच शकलं नसतं. ते पटायचं तर आधी चौदाव्या शतकात राहायला जावं लागतं. तिथली थंडी, तिथली नरकाची भीती, एक पोथी नकलायला लागणारे महिने, आणि पुस्तक ही किती जपायची आणि किती घाबरायची वस्तू होती ते अंगात मुरावं लागतं. ती जाडी त्यासाठी आहे. आमच्या घरात यावर दोन तट पडलेत. तुमचं काय?

कट्टेकरी (शहापूर)

ताई, पुस्तक माझ्याकडेपण आहे. कपाटात, वरच्या फळीवर, सुखात आहे. त्या चर्चच्या दाराचं वर्णन सुरू झालं आणि संपेचना बघा. एका दारावर किती राक्षस, किती म्हातारे, किती पंख, किती शेपट्या! तिकडे माणूस मेलाय आणि हा पोरगा दार बघत उभा. संपादक झोपला होता काय त्या पुस्तकाचा? दोनशे पानं काढली असती तर मीही आज तुमच्यात बसून बोललो असतो.

मलप्रभा (खानापूर)

संपादक जागा होता, लेखकानं ऐकलं नाही. एकोंनी नंतर या कादंबरीवर एक छोटं टिपण लिहिलं, त्यात स्वतःच सांगितलंय: हस्तलिखित वाचलेल्या मित्रांनी आणि प्रकाशनातल्या मंडळींनी पहिली शंभर पानं आवरा म्हणून सुचवलं होतं. त्यांचं उत्तर असं की, ज्याला मठात येऊन सात दिवस राहायचंय त्यानं मठाची चाल उचलली पाहिजे. नाही जमलं तर त्यानं डोंगराच्या पायथ्याशी थांबावं. उर्मट आहे, मान्य. पण त्याच टिपणात पुढे जे येतं त्यानं मी गार झाले. गोष्ट नोव्हेंबरच्या अखेरीस का? तर रक्ताचा रांजण हवा, आणि डुकरं मारतात थंडीत. नोव्हेंबरातच तेवढी थंडी हवी म्हणून मठ डोंगरावर. बरं, मग डिसेंबर का नको? तर कादंबरीत येणारा मिकेले हा फ्रान्सिस्कनांचा प्रमुख इतिहासातला खरा माणूस, आणि डिसेंबरपर्यंत तो आव्हिन्योंला पोपच्या दरबारी पोचलेला होता. म्हणजे एका रांजणानं ऋतू ठरवला, ऋतूनं डोंगर ठरवला आणि खऱ्या इतिहासानं तारीख. मठाचे नकाशे काढून, अंगणातून चालत जायला किती वेळ लागेल ते बघून त्यांनी संवादांची लांबी बेतली होती.

आणि दादा, ते दार वाया गेलेलं नाही. पुढे एकामागून एक माणसं मरतात तेव्हा मठातले लोक त्या मृत्यूंकडे ज्या नजरेनं बघतात, ती नजर त्या दारापाशी तयार होते. अंतकाळाची चित्रं रोज येताजाता बघणारी माणसं आहेत ती. दार वगळून गेलात तर त्यांची घाबरगुंडी तुम्हाला खोटी वाटेल.

कट्टेकरी (शहापूर)

बरं. फळीवरून काढतो. मनापासून नाही, तुमच्या शब्दाखातर.

रात्रपाळी (बेळगाव)

मलप्रभाताईंना +१. मी ही कादंबरी ड्युटीवर वाचली, वॉर्ड शांत असताना. आणि तिची बांधणी रात्रपाळीवाल्यांनाच सगळ्यात चांगली कळते असं माझं ठाम मत आहे. दिवस सात, पण प्रकरणांना नावं आहेत मठातल्या प्रार्थनेच्या वेळांची. मॅटिन्स म्हणजे पहाटे अडीच ते तीन. मग लॉड्स, प्राइम, टर्स, सेक्स्ट, नोन्स, व्हेस्पर्स आणि शेवटी काँप्लिन. वेळापत्रक पुस्तकाच्या सुरुवातीलाच दिलंय. तिकडे नोव्हेंबरअखेर सूर्य साडेसातला उगवतो आणि पावणेपाचच्या आत मावळतो, म्हणजे अर्ध्याहून जास्त गोष्ट अंधारातच घडणार. हातात दिवा नसेल तर माणूस आंधळा. कोण कुठे होता, कुणी कुणाला पाहिलं, या सगळ्या साक्षी त्या अंधारातल्या. पहाटे तीनला जागं असणाऱ्या माणसाला सावलीसुद्धा कशी दिसते ते आम्हाला विचारा.

विल्यमचा चष्मा चोरीला जातो तो प्रसंग आठवा. एवढा बुद्धिमान माणूस, पण चष्मा गेला आणि हातातला कागद वाचता येईना. तेव्हा चष्मा ही अगदी नवी चीज होती. १३०६ साली फ्लॉरेन्समध्ये एका धर्मोपदेशकानं प्रवचनात सांगितलंय की ही कला निघून अजून वीस वर्षंही झाली नाहीत. म्हणजे मठातल्या निम्म्या लोकांनी असली वस्तू आधी पाहिलेलीच नसणार. आज चोर मोबाइल नेतो, तिथे चष्मा नेला आणि तपास थांबला. इतिहास आणि रहस्य एकमेकांत कसे गुंतलेत बघा. चष्म्याची माहिती लेखकानं शेजारी मांडून ठेवलेली नाही, तिच्यावर गोष्ट अडते.

स्टँपपेपर (चिकोडी)

पुस्तक चालू आहे. एक शंका. ते मधलं भांडण, ख्रिस्ताकडे स्वतःची मालमत्ता होती का नव्हती, त्यावरून एवढे मोठे मोठे धर्मगुरू हमरीतुमरीवर येतात. मला ते प्रकरण हसू येण्यासारखं वाटलं. त्याचा खुनाशी काही संबंध आहे की वगळू?

तंबाखूगल्ली (निपाणी)

स्टँपपेपर साहेब, वगळू नका. हा भाग मी एका बैठकीत वाचला, आणि माझा मेहुणा, जो माझ्या दहापट वाचतो, तो तिथेच अडकला. मी जैनाच्या घरचा असल्यामुळे असेल. साधूनं जवळ काय ठेवावं हा प्रश्न आमच्याकडे जेवताना निघतो! दिगंबर मुनींकडे मोराच्या पिसांची पिंछी आणि कमंडलू, अंगावर सूतही नाही. आणि त्याच परंपरेत नांदणीचा मठ आहे, कोल्हापूरचा मठ आहे, तिथले भट्टारक, म्हणजे मठप्रमुख, वस्त्र नेसतात, मठाचा कारभार बघतात. कुणाचं बरोबर यावर आमच्या आजोबांच्या काळापासून चर्चा चालू आहे. अपरिग्रह शब्द सोपा, पण मुनी संध्याकाळी ज्या छपराखाली थांबतात ते छप्पर कुणाच्या नावावर, इथपासून गोष्ट अवघड होते.

फ्रान्सिस्कनांची अडचण नेमकी हीच. ते म्हणत, ख्रिस्त आणि त्याच्या शिष्यांकडे स्वतःचं काही नव्हतं, म्हणून आमच्याकडेही नाही. मग ते ज्या घरात राहतात, जी पुस्तकं वाचतात ती कुणाची? तर मालकी पोपची, हे फक्त वापरणार. अशी सोय बरीच वर्षं चालली. १३२२ मध्ये पोप जॉन बाविसावा म्हणाला, ही नाममात्र मालकी मला नको, तुमची तुम्ही घ्या. आणि पुढच्या वर्षी, १३२३ मध्ये, ख्रिस्ताकडे काहीच नव्हतं असं हट्टानं म्हणणं म्हणजे पाखंड, असं त्यानं जाहीर केलं. पाखंड म्हणजे नुसता वाद हरणं नव्हे, त्यापुढे सरण होतं. कादंबरीत हे दोन्ही पक्ष बोलणी करायला याच मठात यायचे आहेत, आणि ते यायच्या तोंडावर इथे प्रेतं पडायला लागलीत. मठाधिपतीच्या घाईचं कारण तिथे आहे.

स्टँपपेपर (चिकोडी)

अहो, हे असं आधी सांगितलं असतं तर! मालकी पोपची आणि वहिवाट साधूंची. माझं सगळं आयुष्य उताऱ्यावरच्या याच दोन रकान्यांत गेलं. कूळ कायद्याच्या काळात सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघेनासे झाले ते याच फरकापायी. ज्याची वहिवाट त्याला एक दिवस मालक म्हणतात, हे त्या पोपला बरोबर ठाऊक होतं. परत पहिल्यापासून वाचतो तो भाग.

जुनी पोथी (बेळगाव)

चर्चा छान रंगलीय. मला प्रश्न पडतो तो आपल्याकडचा. मराठीत ऐतिहासिक कादंबरी भरपूर, रहस्यकथाही भरपूर, पण दोघींची गाठ क्वचितच पडली. ऐतिहासिक कादंबरी म्हटली की राजा, सेनापती, तह, लढाई. नायक कोण ते मुखपृष्ठावरच कळतं आणि शेवट चौथीच्या पुस्तकात वाचलेला असतो. रहस्यकथा म्हटली की बाबूराव अर्नाळकरांची छोटेखानी पुस्तकं, झुंजार, काळापहाड. हजाराच्या वर पुस्तकं लिहिली त्या माणसानं, आणि आमच्या पिढीला वाचनाची गोडी त्यांनीच लावली. भाड्यानं आणायची, रात्रीत संपवायची, सकाळी परत. तो वेग वेगळा.

जाड ऐतिहासिक रहस्य लिहायचं तर नायक छोटा हवा. राजाला कोण प्रश्न विचारणार? आणि राजा स्वतः प्रश्न विचारत फिरला तर लोक खरं सांगणार नाहीत. आद्सोसारखा, कुणाच्या खिजगणतीत नसलेला, दारामागे उभा राहून ऐकणारा पाहिजे. आपल्याकडे तशी माणसं दफ्तरात पडलीत ढिगानं. कारकून, नकलनवीस, जासूद, कोठारावरचा माणूस.

एक भर. खून आणि चित्रकार यांची गाठ घालणारी आणखी एक जाड कादंबरी हवी असेल तर ओरहान पामुक यांची ‘माय नेम इज रेड’ घ्या. १५९१ चं इस्तंबूल, सुलतानाच्या पोथीसाठी चित्रं काढणारे कलाकार, आणि चित्र कसं काढावं या वादातून पडलेला मुडदा. इथेही कारण त्या काळाबाहेर उभंच राहत नाही, मलप्रभाताईंचा मुद्दा तिथेही लागू.

कट्टेकरी (शहापूर)

हजेरी लावतो. वाचूलालोय! दार ओलांडलं एकदाचं. आणि दाराच्या पलीकडे साल्व्हातोरे भेटला. अहो हा माणूस सगळ्या भाषा एकदम बोलतो. थोडी लॅटिन, थोडी इटालियन, थोडी आणखी कुठली, आणि एकही भाषा धड नाही. आद्सोला तो विचित्र वाटतो, मला तो घरचाच वाटला. रविवार पेठेत गाडी खाली करणाऱ्या हमालाशी बोला. मराठीत सुरू, कन्नडमध्ये हिशोब, उर्दूत शिवी, आणि बाजार गोव्याचा असला तर शेवट कोकणीत. समजतं सगळ्यांना. लॅटिन उतारे लेखकानं तसेच ठेवलेत म्हणून लोक कुरकुर करतात. अर्ध्या कळलेल्या पाट्यांवर आयुष्य काढलेल्या आपल्यासारख्यांनी तरी करू नये.

घोड्याचा प्रसंगही आवडला. न बघता नुसत्या खुणांवरून घोड्याचं नावसुद्धा सांगतो विल्यम. तिथे वाटलं, हां, आता गाडी रुळावर आली. आणि लगेच पुन्हा ग्रंथालयाच्या इमारतीचं माप.

तंबाखूगल्ली (निपाणी)

ग्रंथालयाचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. ज्या ग्रंथालयात फक्त ग्रंथपालानं जायचं, बाकीच्यांनी पोथी मागायची आणि ती द्यायची की नाही ते त्यानं ठरवायचं, हे वाचताना बऱ्याच जणांना ते कल्पनेतलं वाटतं. मला कर्नाटकातलं आमचं तीर्थ मूडबिद्री आठवलं.

षट्खंडागम या दिगंबर जैनांच्या आगमग्रंथावरची वीरसेनाचार्यांची ‘धवला’ टीका नवव्या शतकातली. तिच्या ताडपत्री पोथ्या, जुन्या कन्नड लिपीतल्या, मूडबिद्रीच्या बसदीत, म्हणजे जैन देवळात, शतकानुशतकं जपलेल्या होत्या. जपलेल्या म्हणजे दर्शनापुरत्या. यात्रेकरू लांबून येत, पोथीला नमस्कार करत आणि परत जात. आत काय लिहिलंय ते वाचणारा जवळजवळ कुणी उरला नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला नकला करायला परवानगी मिळाली, ती या अटीवर की नकल बाहेर जायची नाही. आणि तरी गेली! नकलेचं काम करणाऱ्या पंडितांच्याच घरी गुपचूप आणखी एक प्रत तयार झाली आणि ती उत्तरेत सहारनपूरपर्यंत पोचली. तिथून नकलांच्या नकला झाल्या. पुढे हीरालाल जैन यांनी संपादन करून १९३९ मध्ये पहिला खंड अमरावतीहून काढला, सगळे सोळा खंड व्हायला १९५९ उजाडलं.

आता यात चोर कोण आणि राखणदार कोण? ज्यांनी पोथी बाहेर जाऊ दिली नाही त्यांनी ती सांभाळली म्हणून तर ती उरली. ज्यांनी चोरून नकलली त्यांच्यामुळे ती वाचली गेली. एकोंच्या मठातही सगळा पेच हाच आहे, फक्त तिथे माणसं मरतात.

आमच्या निपाणीजवळचं भोज गाव आचार्य शांतिसागर महाराजांचं. १८७२ चा जन्म. हे आगम पुन्हा किडीच्या तोंडी जाऊ नयेत म्हणून त्यांनी ते तांब्याच्या पत्र्यांवर कोरवून घेतले. ताडपत्र, कागद, तांबं. लहानपणी हे ऐकलेलं असल्यामुळे असेल, पण त्या कादंबरीत कुणी पोथीजवळ दिवा नेला की माझ्या पोटात गोळा यायचा.

रात्रपाळी (बेळगाव)

तंबाखूगल्लीदादा, दंडवत! यावरच एक कादंबरी होते की.

मलप्रभा (खानापूर)

होतेच. आणि आपल्या भागात अशा जागा कमी नाहीत. आमच्या तालुक्यातलं हलशी घ्या. आता लोक भूवराह नरसिंहाच्या देवळासाठी जातात. पण ही कदंबांची पलाशिका. तिथे सापडलेल्या ताम्रपटांत राजा मृगेशवर्म्यानं बांधलेल्या जिनालयाचा उल्लेख आहे, आणि यापनीय, निर्ग्रंथ, कूर्चक अशा तीन जैन पंथांना दिलेल्या जमिनीचा. एकच दान, तीन वाटेकरी, आणि स्टँपपेपर साहेबांचे दोन रकाने. एक पत्रा नाहीसा झाला असं नुसतं कल्पून बघा! यापनीय आणि कूर्चक तर पुढे इतिहासातूनच पुसले गेले. मला साधू नको आहे नायक म्हणून. पत्र्यावर अक्षरं कोरणारा सोनार किंवा लोहार हवा, ज्याला मजकूर आधी कळतो.

स्टँपपेपर (चिकोडी)

आणि सीमा सांगताना ‘पूर्वेस अमक्याचं शेत, उत्तरेस वारूळ’ असं लिहिलेलं असतं. वारूळ हलवता येतं बरं का. चाळीस वर्षांची नोकरी सांगते.

रात्रपाळी (बेळगाव)

माझं मत कमलबस्तीला, त्या जुन्या जैन देवळाला. बेळगावच्या किल्ल्यातच आहे, येताजाता दिसते, म्हणून आपण नीट बघत नाही. रट्टांचा राजा चौथा कार्तवीर्य, त्याचा मंत्री बीचिराज, साल १२०४. छताला ते उलटं उमललेलं दगडी कमळ. आणि तिच्याबद्दल सांगणारे कोरीव शिलालेख आज लंडनला, ब्रिटिश म्युझियममध्ये. देऊळ इथे आणि देवळाची कागदपत्रं सातासमुद्रापार. दोन काळांतली गोष्ट करता येईल, एक १२०४ मधली आणि दुसरी किल्ल्यात इंग्रजांची पलटण असतानाची, दगड हलवला गेला त्या दिवसांतली.

कट्टेकरी (शहापूर)

देवळं, पत्रे, दगड. तुम्हा लोकांना रक्ताचं वावडं आहे काय? कित्तूर घ्या. ऑक्टोबर १८२४. इंग्रज कलेक्टर थॅकरे धारवाडहून येतो, खजिन्याला सील ठोकतो, पहारा बसवतो, आणि २३ तारखेला स्वतःच मारला जातो. सील कधी तुटलं, त्याआधी आत काय होतं, मोजलं कुणी? खजिन्याचा हिशोब ठेवणारा एखादा कारकून मेलेला सापडू दे पहिल्या पानावर. दार-बीर काही नको.

जुनी पोथी (बेळगाव)

कल्पना चांगली आहे, फक्त एक अडचण. कित्तूरची राणी चन्नम्मा आणि तिचा शिलेदार रायण्णा यांचे पुतळे आपल्या मनात इतके उंच आहेत की त्यांच्या सावलीत कारकून दिसतच नाही. लेखकाचा हात सारखा राणीकडे वळणार. तो वळू न देता कारकुनामागे तीनशे पानं जायचं धाडस हवं. एकोंनी पोप कादंबरीत आणलाच नाही बघा. सगळे त्याला घाबरतात, तो मात्र एकदाही येत नाही. कित्तूरच्या गोष्टीत राणी नुसती वरच्या मजल्यावर चालताना ऐकू आली पाहिजे.

(कुणी इथे मराठी-कन्नड सुरू करण्याआधीच सांगतो, त्याला दुसरे धागे आहेत, तिकडे मुबलक जागा आहे.)

स्टँपपेपर (चिकोडी)

चौथ्या दिवसावर आलो. तो चौकशी करणारा आला, बर्नार्ड गुई. अंगावर काटा. हा खरा माणूस होता काय हो? आणि बाकीच्यांपैकी कोण खरे? ती सुरुवातीची प्रस्तावना, प्रागमध्ये १९६८ साली मिळालेल्या जुन्या पुस्तकाची, तीही खरी?

मलप्रभा (खानापूर)

बर्नार्ड गुई खरा. पाखंड्यांची चौकशी कशी करावी यावर त्यानं हातपुस्तिकाच लिहून ठेवलीय. मिकेले खरा, म्हातारा उबेर्तिनोही खरा. विल्यम, आद्सो, ग्रंथपाल, मठ, सगळं कल्पित. विल्यम ज्याला आपला मित्र म्हणतो तो ओकमचा विल्यम खरा, आणि १३२८ मध्ये मिकेले आणि तो आव्हिन्योंहून पळून सम्राट लुईच्या आश्रयाला गेले हेही खरं. म्हणजे कादंबरी संपते आणि काही महिन्यांत खरा इतिहास पुढचं पान उलटतो. प्रस्तावना हा खेळ आहे. सापडलेली पोथी, तिचा अनुवाद, त्याचा अनुवाद. बखरी वाचलेल्या माणसाला ही युक्ती ओळखीची वाटायला हरकत नाही.

एक सांगते, खरं-खोटं मोबाइलवर शोधत वाचू नका. मी वहीची दोन पानं केली होती, एकावर माणसं, एकावर ग्रंथालयाचा नकाशा. नकाशा विल्यमबरोबर तुम्हीच काढा, पुस्तकात पुढे छापलाय त्याच्याकडे बघू नका. त्यात मजा जाते.

रात्रपाळी (बेळगाव)

सिनेमा आधी बघू नका हेही सांगा. १९८६ चा आहे, शॉन कॉनरी विल्यम झालाय, मठ आणि चेहरे अफलातून. पण त्यात वाद सगळे आटोपते घेतलेत, त्यामुळे शेवटी कळतं कोण, आणि का ते पुरतं पोचत नाही.

कट्टेकरी (शहापूर)

संपवलं. काल रात्री राणी चन्नम्मा एक्सप्रेसमध्ये, हुबळी यायच्या आत. काही फोडत नाही. शेवटची साठेक पानं मी उभ्यानं वाचली, कारण वरच्या बर्थवरच्या काकांनी लाइट बंद करायला लावला आणि दाराजवळ जाऊन उभं राहावं लागलं.

ताई, तुमचं अर्धं म्हणणं कबूल. गरिबीचं भांडण पाहिजे, चष्मा पाहिजे, साल्व्हातोरे तर पाहिजेच, दारसुद्धा राहू दे. पण कात्री मी खाली ठेवलेली नाही. सहाव्या दिवशी सकाळी त्या पोराला प्रार्थनेत डुलकी लागते आणि स्वप्न पडतं. बायबलमधली सगळी माणसं एका जेवणावळीत, पानंच्या पानं. शेवट तोंडावर आलेला, माणसं मरताहेत, आणि हा झोपेत पंगत वाढतोय. तेवढं काढा, बाकी पुस्तकाला माझा सलाम.

मलप्रभा (खानापूर)

ते काढलंत तर पुढे काय होतं ते आठवा. स्वप्न ऐकून विल्यम काय म्हणतो? त्या पंगतीवरून त्याला कुठल्या पोथीची आठवण होते? हव्या त्या पुस्तकाचा माग त्याला तिथून लागतो. सगळ्यात निरर्थक वाटणाऱ्या पानांत सगळ्यात मोठा दुवा ठेवलाय. मी स्वतः ते स्वप्न पहिल्यांदा भराभर उलटलं होतं.

कट्टेकरी (शहापूर)

थांबा, बघतो.

कट्टेकरी (शहापूर)

बघितलं. आहे खरं. पण मग दुवा दोन पानांत बसला असता की! पंगतीला एवढे पाव्हणे कशाला?

जुनी पोथी (बेळगाव)

दोन पानांत ठेवला असता तर तुम्ही पकडला असता, कट्टेकरी. पामुक घ्या आता वाचायला, माझ्याकडे आहे. रविवारी शहापूरला येणारच आहे, आणून देतो.

कट्टेकरी (शहापूर)

किती पानं आहेत ते आधी सांगा.